चर्चात चपला काढायच्या का?

प्रश्न : बाई, मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे केंब्रिजला जाणार आहोत. तिकडच्या खेड्यांतून सहा-सहाशे, सात-सातशे वर्षांची चर्चं आहेत म्हणे. जावई म्हणतात, ‘त्यात काय बघायचंय, सगळी सारखीच.’ मला मात्र एक तरी बघायचंय. आपल्याला आत सोडतात का? चपला काढायच्या का? काही वाहायचं असतं का? आणि आमच्या ह्यांची शंका : भोवती थडगी असतात, तर घरी आल्यावर आंघोळ करायची का?
– एक वाचक भगिनी, केळशी

उत्तर : ताई, चपला पायातच राहू द्यात. मी काढल्या होत्या. मुलगा तेव्हा हर्टफर्डशरमध्ये राहायचा. त्याच्या गावच्या चर्चच्या दारात सवयीने पाय बाहेर आले आणि मी मोज्यांवर आत गेले. एप्रिल होता, पण ती फरशी म्हणजे श्रावणातला विहिरीचा काठ. फुलं मांडत असलेल्या एका आजींनी माझ्या पायांकडे पाहिलं, बाहेर गेल्या आणि माझी पायताणं स्वतःच्या हाताने आत आणून माझ्यापुढे ठेवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पुरुषांनी टोपी मात्र काढायची असते, ह्यांना आधीच सांगून ठेवा.

आत सोडायला दारात बहुधा कोणी नसतंच. खेड्यातली बरीच चर्चं दिवसा उघडी असतात. दार लावलेलं दिसलं म्हणून परत फिरू नका, लोखंडी कडी फिरवून जरा खांदा लावायचा. आत गेल्यावर ते मागे ओढून घ्या, नाहीतर पाखरं शिरतात. नारळ, हार, उदबत्ती काही नको. दाराजवळ पैशांची पेटी असते, तिच्यात दोन पौंड टाका. छपराला गळती लागली की वर्गणी गोळा करत फिरायचं तिथल्या गावकऱ्यांनाही चुकलेलं नाही. रविवारच्या प्रार्थनेला गेलात तर मागच्या बाकावर बसा. पाव आणि द्राक्षारस देतात तो प्रसाद समजून हात पुढे करू नका, तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो.

आता जावईबापूंचं. त्यांना घेऊन ॲशवेलला जा. केंब्रिजहून गाडीने जवळ आहे. रेल्वेनेही जाता येतं, पण स्टेशन गावापासून तीनेक किलोमीटर दूर, तेव्हा गाडी त्यांनाच चालवू द्या. तिथलं सेंट मेरीचं चर्च चौदाव्या शतकातलं. आत गेल्यावर थेट गाभाऱ्याकडे धावू नका. आधी मनोऱ्याच्या पोटात, उत्तरेकडच्या भिंतीशी जा. तिथला दगड खडूसारखा मऊ. त्यावर कोणीतरी टोकदार वस्तूने लॅटिन ओळी ओरखडून ठेवल्यात, साल 1350. त्याआधी दोन वर्षं इंग्लंडात प्लेगची साथ शिरली होती आणि निदान तिसरा हिस्सा माणसं गेली. लिहिणारा म्हणतो, काळ दयनीय आणि क्रूर, साक्षीला उरली ती माणसांतली सगळ्यांत वाईट. स्वतः उरलेला माणूस हे लिहितोय, हे लक्षात घ्या! त्याच्याखाली 1361 च्या भयंकर वाऱ्याची नोंद आहे.

केळशीच्या माणसाला ती ओळ समजावून सांगायला नको. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा तुमच्याकडच्या सुपारीच्या बागा कशा आडव्या झाल्या ते मी चारच दिवसांनी येऊन पाहिलंय. त्या तारखेची एक ओळ कुठल्या देवळाच्या चिऱ्यावर कोणी कोरली का? आपण पंचनामे केले, ते कागद कुठल्या कपाटात आहेत देव जाणे. (देवळावर उद्यापासून खिळा चालवा असं मी म्हणत नाहीये. पोरं नावं कोरतात तेवढं पुरे.)

बरोबर लहानसा टॉर्च न्या. उजेड समोरून पाडलात तर काही दिसणार नाही, भिंतीला लागून तिरपा धरा, मग अक्षरं वर येतात. बोट फिरवू नका. त्याच भिंतीवर एका मोठ्या चर्चचं चित्रही कोरलेलं आहे. ते लंडनचं जुनं सेंट पॉल असावं असं मानतात. 1666 च्या आगीत ते गेलं.

बाकी आत भिंती पांढऱ्या दिसतील. त्या मुळात पांढऱ्या नव्हत्या. अशा चर्चांच्या भिंती संतांच्या आणि नरक-स्वर्गाच्या चित्रांनी भरलेल्या असत. सोळाव्या शतकात इंग्लंड कॅथलिकचं प्रोटेस्टंट झालं आणि चित्रांवर चुना फिरला. यॉर्कशरमध्ये पिकरिंगच्या चर्चात 1852 साली चुन्याखालून चित्रं निघाली, तर तिथल्या पाद्रीबुवांना वाटलं, लोकांचं प्रवचनाकडे लक्ष राहणार नाही. पुन्हा चुना! पुढे ती परत उघडली म्हणून आज बघायला मिळतात. आपल्याकडे सागवानी खांबांवर जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट चढतो आणि सभामंडपात बाथरूमच्या टाइल्स बसतात, तेव्हा मला ते पाद्रीबुवाच आठवतात. निदान चुना खरवडून काढता तरी येतो.

‘सगळी सारखीच’ याला आणखी एक उत्तर वेल्सच्या सीमेलगत किलपेकला आहे, पण ते तुम्हाला लांब पडेल. तिथलं चर्च 1140 च्या सुमाराचं, लाल दगडाचं. जांभ्यावर वाढलेल्या माणसाला बघताक्षणी आपलं वाटतं. छपराखाली बाहेरून ऐंशीच्या वर कोरीव तोंडं आहेत. कुत्रा आणि ससा शेजारी-शेजारी, आणि एक उघडीनागडी बाई तर आपल्या लज्जागौरीची थोरली बहीण शोभेल अशी. सून घाईघाईने म्हणाली, “आई, इकडे दारावरची वेल बघा ना.” मी म्हटलं, अगं, बदामीची पाहून आलेय मी, घाबरू नकोस.

थडग्यांचं शेवटी. चर्चच्या अंगणात दाट, काळपट हिरवी यूची झाडं असतात, काही तर चर्चहूनही जुनी. शरद ऋतूत त्यांना लाल फळं धरतात. त्यांतली बी आणि पाला विषारी असतो, नातवंडं बरोबर असली तर तोंडात घालू देऊ नका. फाटकावर छोटं छप्पर दिसलं तर ते लिचगेट. जुन्या इंग्रजीत ‘लिच’ म्हणजे प्रेत. पाद्री येईपर्यंत तिथे तिरडी टेकवायचे. आम्ही अशाच एकाखाली पाऊस थांबेपर्यंत बसलो आणि डब्यातले मेथीचे ठेपले संपवले. अर्थ मुलाने घरी आल्यावर सांगितला.

मी आंघोळ केली नाही, ताई. गीझरचं पाणी सुनेने आधीच संपवलं होतं.