बालीला चार महिने राहायला जाताय? रेबीजची लस इथूनच टोचून जा

प्रश्न थोडक्यात असा: चार महिन्यांसाठी बालीतल्या चांगूमध्ये घर घेतलंय, सहा वर्षांची मुलगी सोबत आहे, गल्लीत मोकळी कुत्री आहेत. लस आधी घ्यावी, की चावलंच तर तिथे मिळेल?

आधी घ्या, आईवडील आणि मुलगी तिघांनीही. बालीत लस मिळते. घोडं अडतं ते सीरमपाशी.

लस टोचल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला सात ते दहा दिवस लागतात. तोवर जखमेतला विषाणू रोखायला तयार प्रतिपिंडं जखमेतच भरावी लागतात. तेच हे सीरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. मात्रा वजनावर ठरते: मानवी सीरम किलोमागे २० युनिट, घोड्यापासून केलेलं ४०. म्हणजे ६० किलोच्या माणसाला मानवी सीरमचे १२०० युनिट, २० किलोच्या मुलीला ४००. हे महाग असतं, साठा थोडा असतो आणि बालीतल्या खासगी क्लिनिकात ऐनवेळी ‘संपलंय’ असं ऐकावं लागू शकतं. ज्याने आधी लस पूर्ण केली आहे त्याला सीरम लागतच नाही. चावल्यावर शून्य आणि तिसऱ्या दिवशी मिळून दोन डोस, बस्स. (या वेळापत्रकात टोचायला सुरुवात केली तो दिवस शून्य धरतात, म्हणून ‘तिसरा’ म्हणजे त्यानंतर तीन दिवसांनी.)

इथे घ्यायचं वेळापत्रक ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. हातात चार आठवडे असतील तर तिन्ही घ्या. तिकीट अगदी जवळ आलं असेल तर ० आणि ७ तरी; निरोगी माणसाला हे दोन डोस चालतात असं जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सांगते. सुई दंडात, दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर टोचू देऊ नका. तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही.

आता कुत्र्यांचं. २००८ पर्यंत बालीत रेबीज नव्हता. त्या वर्षाच्या शेवटी दक्षिणेच्या बुकित भागात तो सापडला. बेटांवर तो असाच येतो, बोटीतून. १९९७ मध्ये सुलावेसीकडून मच्छीमारांनी आणलेल्या कुत्र्यांमार्फत तो फ्लोरेसला पोहोचला होता. बालीत सुरुवातीला कुत्री मारण्यावर भर दिला, आणि तिथेच चुकलं. लोक आपली कुत्री लपवू लागले, दुसऱ्या गावी पोहोचवू लागले, त्यांच्याबरोबर विषाणूही गेला. लस टोचलेली कुत्रीही मारली गेली आणि त्यांच्या जागी लस नसलेली पिल्लं आली. २०१० पासून बेटभर लसीकरण सुरू झालं, टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात रंगीत पट्टा बांधला गेला, आणि आकडे खाली आले. पण ७० टक्के कुत्र्यांचं लसीकरण टिकवावं लागतं. पिल्लं सतत जन्मतात, टोचलेली मरतात, मोहीम जरा ढिली पडली की टक्का घसरतो. त्यामुळे आजार अजून आहे. (कुत्रीच नसलेलं लक्षद्वीप या बाबतीत सुखी.)

तिथली बहुतेक कुत्री बेवारस नसतात. कुणाच्या तरी दारातली असतात, फक्त बांधलेली नसतात. सकाळी घरांपुढे, रस्त्यावर नैवेद्याच्या छोट्या परड्या ठेवतात, त्यांना ‘चनांग’ म्हणतात. त्यातला भात नि बिस्किट खायला कुत्री येतात. फुलं दिसली म्हणून मुलगी नेमकी तिथेच खाली वाकणार, आणि तिचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येणार. चेहऱ्यावरचा चावा मेंदूच्या जवळचा, म्हणून सगळ्यात वाईट. तिला पहिल्याच दिवशी हे शिकवा: परडीपाशी कुत्रं असेल तर थांबायचं, धावायचं नाही. आणि कुठलंही कुत्रं चाटलं, ओरखडलं तरी घरी सांगायचं, आपण रागावणार नाही. मुलं ओरडा खायला नको म्हणून लपवतात, जीव तिथे जातो. गोजिरवाणी पिल्लं उचलून आणू नका; लस न झालेली तीच असतात. पिसाळलेलं कुत्रं दर वेळी अंगावर धावून येतं असंही नाही. कधी नुसतं लटपटतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो.

चावलंच तर आधी नळ. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, तिखट, चुना, कॉफी काहीही भरू नका. पट्टी घट्ट बांधू नका. टाके शक्यतो घालू देऊ नका. घालावेच लागले तर सीरम भरल्यानंतर, सैल. धनुर्वाताचंही बघा. मग ‘पुस्केस्मास’, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र, किंवा बालीची राजधानी देनपासारचं मोठं सरकारी रुग्णालय. तिथे लसीला ‘व्हीएआर’ आणि सीरमला ‘एसएआर’ म्हणतात; हेच शब्द वापरा, काम लवकर होतं. कुत्रं कुणाचं ते बंजारच्या, म्हणजे वस्तीच्या, प्रमुखाला विचारून कळतं. ते दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. पण त्या निकालासाठी लस थांबवायची नाही. आज सुरू करा, दहा दिवसांनी डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात.

आधी लस घेतलेली नसेल तर सीरम जखमेत आणि जखमेभोवतीच भरायचं, लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत. त्यानंतर देऊन उपयोग नाही.

परत आल्यावर एक घोळ हमखास होतो. इंडोनेशियात बहुधा पहिल्या दिवशी दोन्ही दंडांत एकेक, मग सातव्या आणि एकविसाव्या दिवशी एकेक असा क्रम देतात. आपल्याकडे स्नायूत ०, ३, ७, १४, २८ किंवा त्वचेत ०, ३, ७, २८. त्यामुळे इथे कुणीतरी ‘पहिल्यापासून सुरू करू’ म्हणतं. गरज नसते, अर्धवट राहिलेला क्रम पूर्ण करायचा. पण त्यासाठी कागद हवा: लसीचं नाव, बॅच क्रमांक, तारखा, स्नायूत की त्वचेत. क्लिनिक सोडण्याआधी लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

उबुद, उलुवातू या पर्यटनस्थळांवरची माकडं म्हणजे वेगळं प्रकरण. दहा दिवस पाहण्याचा नियम कुत्र्या-मांजरांपुरताच आहे, माकडाला लागू नाही. चावा रेबीजचाच समजून उपचार घ्यायचे. शिवाय या माकडांत हर्पीस गटातला बी-विषाणू असू शकतो. माणसाला होणं फार दुर्मिळ, पण झाला तर घातक, म्हणून खोल चाव्यानंतर डॉक्टरला त्याबद्दल विचारा. केळं हातात धरून फोटो काढणं सोडा. फोटोसाठी अंगावर वटवाघूळ ठेवतात, तेही नको.

समुद्रकिनारी कुत्री विष्ठा करतात त्या ओल्या वाळूत हुककृमीच्या अळ्या असतात. पायावर खाजरी, रोज थोडी पुढे सरकणारी लाल वेडीवाकडी रेघ दिसली की त्याच. औषधाने जाते, घाबरू नका, पण मुलीला वाळूत चपला घालायला लावा आणि अंगाखाली चटई टाका. आणि ‘लावार’, म्हणजे बारीक चिरलेल्या मांस-भाज्यांचा बालीतला पदार्थ, खाणार असाल तर डुकराचं कच्चं रक्त घातलेलं लाल लावार टाळा. त्यातून होणाऱ्या मेंदूज्वरात कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. शिजवलेलं खुशाल खा.