सूक्ष्मदर्शकाची आवड आणि गणित सोडण्याचा प्रश्न

आपले पत्र मिळाले. आपल्या मुलीला सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहण्याची विलक्षण ओढ आहे, तिला डॉक्टर न होता संशोधनाकडे वळायचे आहे आणि जीवशास्त्राला अधिक वेळ मिळावा म्हणून ती गणित सोडू पाहते आहे. तसे करावे का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे : तिने गणित सोडू नये, कारण आजचे सूक्ष्मदर्शन गणितावरच उभे आहे.

दृश्य प्रकाशाच्या साहाय्याने सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जवळचे दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत, ही मर्यादा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडली आणि बहुतेक विषाणू तिच्या पलीकडे राहिले. ती ओलांडणाऱ्या एका पद्धतीत पेशीतील रेणू एकदम न उजळवता थोडेथोडे उजळवतात आणि प्रत्येक ठिपक्याचा मध्य गणिताने निश्चित करून त्यांतून पूर्ण चित्र उभे करतात. ही मर्यादा ओलांडण्याच्या कामासाठी एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाला, म्हणजे गोठवलेले नमुने प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांनी पाहण्याच्या पद्धतीला, मिळाले. त्यात प्रथिने इतक्या झपाट्याने गोठवली जातात की पाण्याचे स्फटिकच होत नाहीत, आणि मग हजारो-लाखो अस्पष्ट प्रतिमा संगणकावर जुळवून त्रिमितीय रचना मिळवली जाते. २०२० च्या सुरुवातीला करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाची रचना काही आठवड्यांत हाती आली ती याच मार्गाने, आणि पुढे अनेक लसींनी शरीराला ओळख करून दिली ती याच प्रथिनाची. या दोन्ही वर्षांच्या मानकऱ्यांपैकी बहुतेकांचे मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचे आहे, ही गोष्ट मुलीला आवर्जून सांगा.

रोगनिदानातही काचपट्ट्या स्कॅन करून पडद्यावर तपासल्या जाऊ लागल्या आहेत. संशयास्पद भाग संगणक दाखवू शकतो, परंतु निदानाची जबाबदारी विकृतिशास्त्रज्ञाचीच (पॅथॉलॉजिस्टचीच) राहते.

नमुना नीट तयार करणारे हात आणि प्रतिमेतील खरी रचना कोणती व नुसता दोष कोणता हे ओळखणारी नजर यांची प्रयोगशाळांना नेहमीच गरज असते. तेव्हा पदवीला जीवशास्त्र मुख्य ठेवून तिने संख्याशास्त्र आणि थोडे प्रोग्रॅमिंग जोडीला घ्यावे. तोवर प्रतिमा-विश्लेषणासाठी संशोधक वापरतात ते इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन स्वतः टिपलेल्या चित्रांतील पेशी मोजून पाहाव्यात. या कामात तिचे मन कितपत रमते, हे त्यातून तिला आणि आपल्यालाही कळेल.