जमैकात अर्ध्या दिवसात राफ्टिंग आणि खरेदी, दोन्ही जमेल का? सोबत आई आहे, तिला पोहता येत नाही.

हो, जमेल. क्रूझ फाल्मथला लागत असेल तर मार्था ब्रे नदी जवळच आहे. आईला जरूर न्या. ऋषिकेश किंवा कोलाडसारखं उसळतं पाणी इथे नाही. सुमारे 30 फूट लांबीचा बांबूचा तराफा, त्यावर दोघांसाठी बाक, आणि मागे-पुढे कुठेही इंजिन नाही. नावाडी पुढे उभा राहून लांब काठीने तराफा ढकलतो. तीनेक मैलांचं अंतर, तास-सव्वा तास, दोन्ही काठांवर गर्द झाडी. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि नावाड्याला टिप द्यायला सुटे डॉलर ठेवा, त्याची मेहनत खरंच मोठी आहे.

नदी आधी, खरेदी नंतर. ब्लू माउंटन कॉफी घ्याच, पण पाकिटावर ‘ब्लेंड’ लिहिलं असेल तर त्यात इतर कॉफीही मिसळलेली असते. हस्तकलेच्या दुकानांत घासाघीस चालते. प्रवाळाचे दागिने मात्र घेऊ नका. तिथली प्रवाळं आधीच संकटात आहेत आणि कस्टम्समध्येही अडचण येऊ शकते. जहाज सुटण्याच्या तासभर आधी बंदरावर परत या.