मोटरसायकलच्या टाकीवर एअरब्रशने चित्र काढायचं आहे, घरी जमेल का?

तुम्ही विचारलंय की कागदावर हात बरा चालतो, एअरब्रश नवा घेतलाय, तर पेट्रोलच्या टाकीवर घरच्या घरी चित्र काढता येईल का. चित्र नक्की जमेल. ते टिकवणं हे निराळं काम आहे आणि मी त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे, कारण माझी पहिली टाकी तिथेच वाया गेली.

पंख पसरलेला गरुड होता. तीन आठवडे रात्री जागून एकेक पीस काढलं होतं. वर स्प्रे कॅनमधला साधा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारला, चमकही सुंदर आली. पंधरा दिवसांनी पेट्रोल भरताना झाकणाच्या कडेने थोडं ओघळलं, मी फडक्याने पुसलं आणि गरुडाची मान फडक्याला लागून आली. ज्यात हार्डनर (थर घट्ट करणारं द्रव्य) नसतो तो क्लिअर फक्त थिनर उडून वाळतो, पेट्रोल लागलं की परत मऊ पडतो. हार्डनर मिसळून मारायचा टू-के युरेथेन क्लिअर रासायनिक क्रियेने घट्ट होतो. टाकीला तोच हवा.

पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे अगदी थोड्यानेही त्रास होतो. त्याचा वास जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून मास्कचा फिल्टर संपलाय की नाही हे नाकावर सोडता येत नाही. कापडी मास्क तर निरुपयोगीच. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क आणि फवारा बाहेर खेचणारी फवारणीची खोली (स्प्रे बूथ) नसेल, तर शेवटचा क्लिअर गाड्या रंगवणाऱ्याकडून मारून घ्या. मी आजही चित्र घरी काढतो आणि क्लिअरला टाकी बाहेर देतो. यात कमीपणा काही नाही.

टाकी गाडीवरून उतरवूनच काम करा. पेट्रोल काढून टाकलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली राहते. ती मोकळ्यावर नीट वाळू द्या, मग सगळी तोंडं बंद करा. हीट गन जवळ आणू नका. आधी साबणाने धुवा, मग मेण-तेल काढणाऱ्या द्रावणाने पुसा आणि त्यानंतरच घासा. उलटं केलं तर जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. जुना रंग धड असेल तर ६०० ते ८०० नंबरच्या वॉटर पेपरने चमक जाईपर्यंत घासणं पुरतं. पत्रा उघडा पडला असेल तिथे इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचं अस्तर) द्या. यानंतर टाकीला उघडा हात लावायचा नाही.

आता चित्राची खरी गंमत. टाकी दोन्ही दिशांनी गोलावलेली असते. कागदी स्टेन्सिल तिच्यावर बसत नाही, कड उचलली जाते आणि खालून रंग शिरतो. मोठं स्टेन्सिल एकदम न चिकटवता तुकडे करा, किंवा वळणाऱ्या फाइन लाइन टेपने आकार बांधून घ्या. सपाट कागदावर प्रमाणात दिसणारा चेहरा टाकीवर गाल फुगल्यासारखा दिसतो, म्हणून रेखाटन लावलं की दोन मीटर मागे जाऊन, वाकून, बसून बघा. दोन्ही बाजू सारख्या हव्या असतील तर टाकीची मध्यरेषा आखा आणि ट्रेसिंग पेपर उलटा करून वापरा. बारीक काम पुढच्या आणि वरच्या भागात ठेवा. मागे गुडघे घासतात, तिथे नुसती छटा बरी.

एअरब्रश डबल ॲक्शनचा, ०.३ मिलिमीटर सुईचा असला की भागतं. रंग दुधाइतका पातळ. बारीक रेषेला १५ ते २० पीएसआय दाब, पार्श्वभूमीला थोडा जास्त. घोडा दाबला की हवा, मागे ओढला की रंग. थांबवताना आधी रंग बंद, मग हवा, नाहीतर पुढच्या रेषेच्या सुरुवातीला थेंब उडतो. हे बोटांत भिनेपर्यंत एखाद्या भंगारातल्या मडगार्डवर सराव करा. सपाट पत्र्यावरच्या सरावाचा इथे फारसा उपयोग होत नाही.

पारदर्शक रंग वापरा आणि हलके हलके थर द्या. प्रत्येक थराने छटा गडद होते, म्हणून इच्छित छटेच्या थोडं आधी थांबा. पांढरा जाड बसला की त्याची कड क्लिअरखालूनही हाताला लागते. ती बुजवायला दोन-तीन हात क्लिअर, तो पूर्ण वाळल्यावर ८०० नंबरने पाण्यात घासणं, आणि पुन्हा दोन हात क्लिअर असं करावं लागतं. घासताना कोपऱ्यांवर दाब देऊ नका, तिथे थर सर्वांत पातळ असतो.

क्लिअर मारणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: झाकण जिथे बसतं त्या खाचेच्या आतपर्यंत क्लिअर गेला पाहिजे. झाकणाभोवती रंगाची कड उघडी राहिली तर पेट्रोल तिथूनच थराखाली शिरतं. आणि क्लिअरच्या डब्यावर पूर्ण घट्ट व्हायला जितके दिवस लिहिले असतील तितके दिवस टाकीत पेट्रोल भरू नका, गाडी कितीही खुणावत असली तरी.