पीडीएफ आहे का?

अरे,

काल रात्री ग्रुपवर तू एका पुस्तकाबद्दल विचारलंस, "कुणाकडे पीडीएफ आहे का?" पाच मिनिटांत तिघांनी धाडलीसुद्धा. चारचौघांत बोलायचं नव्हतं, म्हणून हे पत्र.

गेल्या दिवाळीत मेहुण्याने मला एक पीडीएफ पाठवली. खाली लिहिलेलं, "जरूर वाचा, भन्नाट आहे." पुस्तक माझंच! उघडून पाहिलं तर पानं तिरकी, 112व्या पानाच्या कडेला कुणाचा तरी अंगठा आणि पुढची दोन पानं गायब. त्या दोन पानांवर मी महिना घालवला होता. रागवावं की आभार मानावेत, कळेना.

आता हिशेब. पुस्तक 300 रुपयांचं, मला दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे 30 रुपये. त्यावर माझी चूल पेटत नाही. पण आवृत्ती 500 प्रतींची, सहा वर्षं झाली तरी गठ्ठे गोदामात. पीडीएफ किती फिरली ते प्रकाशकाला दिसत नाही, गठ्ठे दिसतात. पुढचं हस्तलिखित घेऊन गेलो की तो तेच दाखवतो.

तुझी अडचण कळते. तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान म्हणजे गाइड आणि वह्या. जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या संपल्या की संपल्याच, आणि ई-बुक काढायचा प्रकाशकांना कंटाळा. पण रीतसर फुकटही बरंच मिळतं. लेखक गेला की पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात, मग पुस्तक सगळ्यांचं. हरिभाऊ आपटे 1919 मध्ये गेले, साने गुरुजी 1950 मध्ये. खुशाल उतरवून घे. पुलं गेले 2000 साली, म्हणजे 2060 संपेपर्यंत थांब. (मला तेवढा धीर नव्हता, मी विकत घेतली.) राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावर मोफत आहेत.

आणि तुमच्या वाचनालयात एकदा जा. मागणीची वही असेल तर हवं ते पुस्तक लिहून ये, नसेल तर ग्रंथपालांच्या मागे लाग. दिवाळी अंकांची योजना असेल तर वर्गणी भर. एका अंकाच्या पैशांत महिनोन्महिने वाचशील.

काल मागितलेलं पुस्तक माझ्या कपाटात आहे. रविवारी ये. 40व्या पानावरचा चहाचा डाग माझा, तो तुझ्या नावावर घालणार नाही. नेताना वहीत नाव मात्र लिही, मागच्या वेळचं अजून परत आलेलं नाही.

तुझा,
काका