जुने डॉक्टर निवृत्त झाले, आता नव्यांना काय सांगू?

प्रश्न : माझे वय 61. गेली 19 वर्षे मला आमवात आहे, शिवाय मधुमेह आणि थायरॉइडही आहे. साताऱ्याचे आमचे डॉक्टर निवृत्त झाले आणि मी मुलाकडे पुण्याला राहायला आले. नव्या डॉक्टरांनी माझी जाडजूड फाइल दोन मिनिटांत चाळली, सगळ्या तपासण्या पुन्हा करायला सांगितल्या आणि स्टेरॉइडची गोळी कमी करण्याचा विषय काढला. घरी येऊन मला रडू कोसळले. जुन्या डॉक्टरांनाच फोनवर विचारून औषधे चालू ठेवू का?

उत्तर : ज्या माणसाला तुमचे दुखणे न सांगता कळत होते, तो आता समोर नाही, हे दुःख खरे आहे. तरीही फोनवर औषधे चालवू नका, कारण तुमचे सांधे, डोळे आणि रक्ताचे रिपोर्ट न पाहता मात्रा ठरवणे त्यांनाही योग्य वाटणार नाही. त्यांच्याकडून एक पत्र मात्र जरूर मागा. कोणते औषध का सुरू केले हे फाइलमधून बहुधा कळते. कोणते औषध का बंद केले हे पुष्कळदा फक्त त्यांच्या आणि तुमच्या आठवणीत असते, आणि नव्या डॉक्टरांना नेमके तेच हवे असते.

आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. डॉक्टर बदलताना चिठ्ठी नव्याने लिहिली जाते, तेव्हा ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते. म्हणून नव्या चिठ्ठीवर वार लिहून घ्या आणि औषधाच्या दुकानातही तो वाचून दाखवा. स्टेरॉइड कमी करण्याचा विचार चुकीचा नाही, कारण त्याने साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. पण दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबवणे धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे मंदावलेले असते. ती किती आठवड्यांत, कोणत्या टप्प्यांनी कमी करायची, हे लिहून मागा.

तपासण्यांचा राग मानू नका. यकृत आणि रक्तपेशींवर औषधांचा परिणाम होत असल्याने ताजे आकडे लागतात. मात्र एचबीए1सी ही रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. ती नुकतीच केली असेल, तर 'हा रिपोर्ट चालेल का?' असे खुशाल विचारा.

पुढच्या भेटीला फाइलच्या वर एकच कागद ठेवा : आजार व त्यांची वर्षे, आजची औषधे मात्रेसह, सोसली नाहीत ती औषधे, आणि त्या दिवशीचे दोनच प्रश्न. मुलाला सोबत न्या. पूर्वी रुग्णालयात दाखल झाला असाल, तर तेथील कागदपत्रे लेखी अर्ज करून मागवा. 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ती 72 तासांत द्यावी लागतात. दोन-तीन भेटींनंतरही तो कागद वाचला गेला नाही, तर दुसरे संधिवाततज्ज्ञ शोधण्यात काहीच गैर नाही.