जंगलातले प्राणी घरं बांधणाऱ्या बिल्डरशी लढतात, असा विनोदी सिनेमा कोणता? लहान मुलांसोबत बघता येईल का?

तुम्ही बहुतेक 'फरी व्हेन्जन्स' म्हणताय. 2010चा, हॉलिवूडचा नट ब्रेंडन फ्रेझरचा. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलात घरांचा प्रकल्प उभा करायला हा गडी बायको-मुलासकट राहायला येतो आणि एक रॅकून सगळ्या प्राण्यांची फौज जमवून त्याच्या नाकी नऊ आणतो. रात्री कावळा झोपू देत नाही, गाडीत स्कंक शिरून असा काही वास सोडतात की विचारू नका. गंमत म्हणजे प्राणी बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यावर फुगे येतात आणि त्यातल्या चित्रांवरून त्यांचा बेत आपल्याला कळतो. त्यामुळे इंग्रजी न कळणारी पोरंही खिदळतात.

समीक्षकांनी मात्र सिनेमाला धू धू धुतलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चूक नव्हते. तेच तेच पडणं-आपटणं तासाभरात मोठ्यांना कंटाळा आणतं. पडण्या-आपटण्यापलीकडे हिंसा वगैरे काही नाही, बिनधास्त दाखवा.

सिनेमा अॅनिमेशनचा होता असं आठवत असेल, तर मग तो 2006चा 'ओव्हर द हेज'. त्यातले प्राणी हिवाळाभर झोपून उठतात आणि बघतात तर काय, जंगलाच्या जागी वसाहत आणि मधे भलंमोठं हिरवं कुंपण! हा मला कितीतरी जास्त आवडला. कॅफिनचं पेय पिऊन सुसाट सुटलेली ती खार एकदा बघाच.